हळदीचं पान

किंक्रांतीच्या पहाटे अलमेलूने दार वाजवलं.
हातात हळदीची दोन पानं,
देठाला हरिपूरची माती.
"गच्चीवर चला. आंघोळीच्या आधीच."
म्हटलं, बाई, आज कर.
आज आम्ही नवं काही धरत नाही.
ती म्हणाली, "हे नवं नाही. फार जुनं आहे."

काल पार्किंगमध्ये तीन विटा मांडून
तिने पितळी भांडं चढवलं होतं,
गळ्याला हळदीचं रोप, मुळासकट.
हसत म्हणाली, गूळ तुमच्या यार्डातला,
ऊस तुमचा, हळद तर तुमचीच,
माझ्या कुंभकोणमचे फक्त तांदूळ
आणि ओरडणं.

दूध वर आलं तशी मी धावले,
हाताला सवयच तशी: वर आलं की बंद.
तिने मनगट धरलं.
उतू नये, मातू नये, ऐकत ऐकत
मी पन्नाशीला आले
आणि ही बाई डोळ्यांत प्राण आणून
उतण्याची वाट बघत होती.
फेस काठावर थांबला, थरथरला,
मग पूर्वेच्या अंगाने सांडला.
"पोंगलो पोंगल!" शेषाद्री ओरडले, पोरं ओरडली,
वॉचमनने शिट्टी फुंकली.
माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

आणि आज गच्ची.
टाकीच्या सावलीत तिने पान पुसलं, पसरलं.
पिवळा भात हळदीचा,
तांबडा हळदीत चुना कालवून,
पांढरा दह्याचा,
कालच्या गोडाचे चार मुटके, उसाचं कांडं.
"कुणासाठी?"
"भावांसाठी. तीन आहेत. कावळ्यांना घालायचं."

माझ्या अंगावर काटा आला.
कावळ्याला घास आम्ही घालतो तो दहाव्याला, नदीच्या काठी,
आणि तो शिवेना की कुणीतरी पुढे होऊन म्हणतं,
काळजी करू नका, पोरांकडे आम्ही बघू.
जित्याजागत्या भावाचा घास कावळ्याला?

अलमेलू घास ठेवत राहिली.
"कावळा एकटा जेवत नाही," म्हणाली.
"आधी हाका मारतो. भावंडांनी तसं राहावं."
मग तमिळमध्ये काही पुटपुटली.
अर्थ विचारला तर म्हणे,
कावळ्याचं आणि चिमणीचं लग्न आहे.
आमच्या गोष्टीत तर चिमणी
त्याला दारसुद्धा उघडत नाही.

दुसरं पान तिने माझ्यापुढे सरकवलं.

हिंदुराव दोन भाऊबिजा आला नाही.
मी हक्कसोडीवर सही केली नाही म्हणून.
संगमाकडचं अर्धा एकर.
हळदीचंच रान.

"पानं कुणाकडून आणलीस?"
"नाव नाही विचारलं. मोठ्या मिशा.
सणाला लागतात म्हटल्यावर पैसे घेतले नाहीत."
हरिपुरात मिशा पुष्कळांना आहेत.
तरी मी पान उलटंपालटं करून पाहिलं,
जणू मागे सातबारा लिहिलेला असणार.

ठेवला. एक पिवळा. एक तांबडा.
पांढऱ्यापाशी हात अडला, मग तोही.

कावळा आला तो तिच्या पानावर.
माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं,
उसाचं कांडं उचललं आणि गेला.
भात तसाच.
"येईल," अलमेलू म्हणाली.
मी म्हटलं, त्याला ऊस आधीपासून आवडतो.
ती हसली. तिला वाटलं, कावळ्याबद्दलच बोलतेय.

खाली येऊन हात तीनदा धुतला.
नखांतला पिवळा गेला नाही.
दुपारी त्याच हाताने फोन उचलला,
त्याचं नाव काढलं, ठेवून दिला.
सही मी करणार नाही. ते ते, आणि हे हे.

संध्याकाळी दूध तापत ठेवलं
आणि गॅसपाशी उभी राहिले
हात पाठीमागे धरून.
साय फुगली, तडकली.
ओट्याला उतार आहे सिंककडे,
सिंकमागे भिंत,
भिंतीपलीकडे, पाचेक किलोमीटरवर,
हरिपूर.